बुटांच्या खोक्यात तीन जुनी इंजिनं मिळाली, एक शॉर्ट करतंय आणि एक रुळावर बसतच नाहीये

लेस्टरवाला

नमस्कार मंडळी. मॉडेल रेल्वेतलं मला शून्य कळतं, तरी विचारतोय. गेल्या रविवारी इंग्लंडमधल्या लेस्टरजवळ एका शेतात कार बूट सेल, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायचा बाजार होता, बायको कुंड्या बघत होती आणि मी उगाच खिशात हात घालून फिरत होतो, तर एका आजोबांच्या टेबलाखाली बुटांचं खोकं दिसलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन इंजिनं. पन्नास पौंड म्हणाले, मी चाळीस म्हटलं, ते लगेच हो म्हणाले, तेव्हाच कळलं की तीस म्हणायला हवं होतं.

पहिलं इंजिन हिरवं आहे, हातात घेतलं की दगडासारखं जड, अख्खं धातूचं. सहा मोठी चाकं आणि मागे दोन लहान. बाजूला पिवळट अक्षरांत 'सदर्न' आणि नंबर २५९४. पोटाखाली मधोमध एक धातूची पट्टी आहे, बोटाने दाबली की आत जाते, सोडली की बाहेर येते. शेजारच्या मुलाकडे हॉर्नबीचा नवा सेट आहे, त्याच्या रुळावर ठेवलं तर चाकं बरोब्बर बसली, पण कंट्रोलर जरा फिरवला की लाल दिवा आणि सगळं बंद. तीनदा केलं, तीनदा तेच. आता तो मुलगा माझ्याकडे संशयाने बघतो.

दुसरं काळं, प्लास्टिकचं, सहा चाकांचं, त्याच रुळांच्या मधे सरळ खाली पडतं, म्हणजे त्याची चाकं जवळजवळ आहेत. तिसरं तर माझ्या बोटाएवढं डिझेल इंजिन, धातूचं, आत काहीतरी काळं चिकट वितळल्यासारखं झालंय.

खोक्याच्या तळाशी एक घडी घातलेला कागद पण निघाला, तेल कुठे घालायचं त्याचं चित्र आहे, कोपऱ्यात अगदी बारीक १६/९५५/१०० असं छापलंय. याचा काही अर्थ असतो का? आणि ही चालतील का? विकायची नाहीयेत, फक्त काय आहे ते कळलं पाहिजे, झोप लागत नाहीये.

---

तिसरा_रूळ

आधी ते हिरवं इंजिन त्या पोराच्या रुळावरून उचला आणि पुन्हा ठेवू नका 😄 इंजिन बिघडलेलं नाहीये, रूळ चुकीचा आहे.

हे हॉर्नबी डब्लो. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो या खेळण्यांच्या कंपनीचा कारखाना होता, तिथे १९३८ साली ही रेंज सुरू झाली. पहिल्या वर्षी दोनच इंजिनं, एक 'सर नायजेल ग्रेस्ली' आणि दुसरं हे तुमचं ०-६-२ टँक (पुढे लहान चाकं नाहीत, मधे सहा मोठी, मागे दोन लहान). टँक म्हणजे पाणी आणि कोळसा इंजिनावरच, मागे वेगळा टेंडर नाही. आणि हे सगळं तीन रुळांवर चालायचं. मधल्या तिसऱ्या रुळातून वीज वर घ्यायची, ती तुमची पोटाखालची पट्टी, आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत पाठवायची. बाहेरचे दोन्ही रूळ एकाच बाजूचे म्हटल्यावर चाकं आणि अ‍ॅक्सल सरळ धातूचे ठेवले तरी काही बिघडत नव्हतं. आजच्या दोन रुळांच्या ट्रॅकवर एक रूळ प्लस, दुसरा मायनस, आणि तुमच्या इंजिनाचा प्रत्येक अ‍ॅक्सल म्हणजे त्या दोघांमधे टाकलेला खिळा. लाल दिवा लागणारच. कंट्रोलरने स्वतःला वाचवलं हे नशीब.

रुळांमधलं अंतर तेव्हाही १६.५ मिमी आणि आताही १६.५ मिमी, म्हणून ते फिट बसतं आणि माणूस फसतो. डब्लोवाले स्वतः दोन रुळांवर आले १९५९ मधे, तोवर बाकीचे पुढे निघून गेले होते. १९६४ ला मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्स या दुसऱ्या खेळणी कंपनीने घेतली आणि डब्लो संपलं.

तीन रुळांचे जुने तुकडे टॉय फेअरमधे पेटीने मिळतात, एक गोल घ्या, व्होल्टेज १२ डीसीच आहे तर आजचा कंट्रोलर चालेल. जुना ट्रान्सफॉर्मर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, त्या वायरींवरचं रबर तडकलेलं असतं आणि पलीकडे २४० व्होल्ट.

तुमच्याकडे सदर्नचं निघालं म्हणजे लॉटरी बरं का! तेव्हाच्या चार ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या रंगात यायचं हे, त्यात सदर्नला सगळ्यात जास्त मागणी.

---

शंटिंगवाली

लॉटरी वगैरे म्हणायच्या आधी जरा थांबा हो काका. माझ्या कपाटात पण एक 'लॉटरी' आहे, एका टॉय फेअरमधे अगदी सज्जन दिसणाऱ्या माणसाने दिलेली, तिच्याबद्दल मी आता बोलत नाही.

सदर्नला मागणी आहे म्हणूनच खोटी सदर्न जास्त. बॉडीचा साचा सगळ्या रंगांना एकच होता. मूळ नमुना एलएनईआरच्या (त्या चारांतली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) एन२ वर्गाचा, लंडनच्या किंग्ज क्रॉसच्या लोकल ओढणारं इंजिन, म्हणजे खऱ्या सदर्न रेल्वेकडे हे इंजिन कधी नव्हतंच, खेळण्यात फक्त रंग बदलून दुसऱ्या कंपनीचं केलं. गंमत म्हणजे १ जानेवारी १९४८ ला खऱ्या चारही कंपन्या बरखास्त होऊन ब्रिटिश रेल्वे झाली तरी डब्लोवाले पुढची पाच वर्षं त्याच जुन्या रंगांत इंजिनं विकत राहिले. मग १९५३ पासून ब्रिटिश रेल्वेचे रंग, आणि टँक झालं काळं, नंबर ६९५६७. ही काळी इंजिनं ढिगाने विकली गेली, आजही ढिगाने मिळतात. आता सांगा, कोणाला चार पैसे जास्त हवे असतील तर तो काय करेल? काळ्यावर हिरवा मारेल. आणि सगळेच फसवायला करत नाहीत हे पण आहे, कित्येक पोरांनी त्या काळात हौसेने स्वतःच रंगवलीत.

तुमच्या कागदावरच्या आकड्यात मधला भाग महत्त्वाचा, ९५५ म्हणजे नववा महिना, १९५५. मेकॅनोच्या छापील कागदांवर अशी खूण असायची. म्हणजे कागद सप्टेंबर ५५ चा, आणि सदर्नचा रंग तर ५३ लाच गेला. कागद दुसऱ्या कशाबरोबर आलेला असू शकतो, कागद आणि खोकी इकडून तिकडे फिरतच असतात, म्हणून यावरून निकाल देऊ नका. पण मला शंका आलीय.

हे करून बघा. रात्री खोलीतले दिवे घालवा, इंजिन टेबलावर आडवं ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च टाकीच्या बाजूला जवळजवळ चिकटवून अगदी तिरका मारा. समोरून नाही, तिरका. काळ्या टँकच्या टाकीवर चाकावर स्वार झालेल्या सिंहाचं चिन्ह असायचं आणि नंबर मागच्या बंकरवर, म्हणजे कोळशाच्या पेटीवर. ट्रान्सफरला, म्हणजे वरून चिकटवलेल्या छापील चिन्हाला, जाडी असते, वरून ब्रशने रंग मारला तरी कडा उठून दिसतात. मग केबिनच्या आतला रंग बघा, स्क्रूच्या खाचेत रंग भरलाय का बघा, कारखान्यात आधी रंगवायचे आणि मग जोडायचे, स्क्रूवर बॉडीचा रंग चढलेला दिसला तर कोणीतरी घरी बसून काम केलंय. धुराड्याच्या काठाला टवका उडालेला असेलच, तिथे हिरव्याखाली काय आहे? नुसता धातू की काळा?

आणि काहीही खरवडू नका!! नखाने पण नाही.

---

तिसरा_रूळ

ताई बरोबर बोलतायत, मी जरा घाईच केली. त्यात अजून एक भर घालतो, मोटर बघा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या आणि युद्धानंतर लगेचच्या इंजिनांत घोड्याच्या नालेसारखा मोठा मॅग्नेट, नंतरच्यांत छोटा चौकोनी ठोकळा. डबे जोडायचं कपलिंग पण बघा, युद्धाआधीचं म्हणजे स्प्रिंगच्या पत्र्याची चपटी पट्टी, युद्धानंतरचं पेको कंपनीच्या पेटंटवालं, आपोआप सुटणारं. पण चासी (चाकं-मोटरवाला खालचा सांगाडा) स्क्रू काढून कोणीही बदलू शकतो, त्यामुळे एका खुणेवर भरवसा नको, तीन-चार एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्या की मग बोला.

---

लेस्टरवाला

मंडळी, काल रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवे घालवून बसलो होतो, बायको पाणी प्यायला आली आणि काही न विचारता परत गेली.

सिंह आहे. पहिल्यांदा काहीच दिसेना, मग टॉर्च अजून खाली नेला, जवळजवळ टेबलाला टेकवला, आणि 'सदर्न'च्या अक्षरांच्या मधोमध एक गोल चाकाची कड उमटली, वरती शेपटीसारखं काहीतरी. मागे बंकरवर ६ आणि ९ स्पष्ट, मग काहीतरी, मग शेवटचा ७. केबिनच्या आत छताला काळा. धुराड्याच्या मागच्या बाजूला मोहरीएवढा टवका उडालाय त्यात हिरवा, खाली काळा, खाली धातू, अगदी सांजोऱ्यांच्या पापुद्र्यासारखं. स्क्रूच्या खाचेत हिरवा भरलाय. मॅग्नेट ठोकळा.

म्हणजे काळंच. खरं सांगू का, वाईट वाटायला हवं होतं पण मजा आली. आता तो हिरवा काढून टाकू का? यूट्यूबवर ब्रेक फ्लुइडमधे बुडवतात असं दाखवलंय.

---

शंटिंगवाली

नका काढू. हिरव्याबरोबर खालचा काळा पण जाईल, सिंह पण जाईल, आणि हातात राहील नुसतं ओतीव झिंक, मग परत रंगवायचं, नवे ट्रान्सफर लावायचे, म्हणजे एका रंगवलेल्या इंजिनाचं दुसरं रंगवलेलं इंजिन. काळं हवंच असेल तर अस्सल काळं वेगळं घ्या, महाग नसतं. हे ज्याने रंगवलं त्याचा हात पण बघा की, २५९४ हा नंबर त्याने हवेतून काढलेला नाही, डब्लोच्या सदर्न टँकवर हाच नंबर यायचा. एक तर त्याच्यासमोर खरं इंजिन होतं नाहीतर कॅटलॉग.

खरं ६९५६७ मात्र भंगारात गेलं. एन२ वर्गातलं एकच इंजिन वाचलंय, जुना नंबर १७४४, ब्रिटिश रेल्वेत आल्यावर ६९५२३.

---

तिसरा_रूळ

इथे माझं ताईंशी पटत नाही. विकणाऱ्याने सदर्न म्हणून दिलेलं नसेल तर ठीक, पण असंच ठेवलं तर उद्या तुमच्यानंतर कोणीतरी तेच खोकं उचलेल आणि पुन्हा लॉटरी लॉटरी करत बसेल, जसा मी केला. निदान एक चिठ्ठी लिहून बॉडीच्या आत चिकटवा, 'मूळ ६९५६७, वरून रंगवलेलं', तारीख टाका. मी माझ्या प्रत्येक इंजिनाच्या आत लिहून ठेवतो, कुठे घेतलं, कितीला घेतलं, काय बदललं. पोरं हसतात, हसू देत.

चालवायच्या आधी: मोटरच्या कम्युटेटरवर (फिरणाऱ्या भागावरचं तांब्याचं टोक, तिथून वीज आत जाते) सत्तर वर्षांचं तेल साचलेलं असतं, इअरबडला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पुसा, खाचा लाकडी टूथपिकने साफ करा, सुई घालू नका. तेलाचा एकच थेंब, आणि तो बेअरिंगला. कागदावरच्या चित्रात बाण आहेत ना, तेवढ्याच जागा. आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, उगाच बाहेर काढायचं नाही. ते काढलं की मॅग्नेटच्या दोन टोकांमधली जागा मोकळी पडते आणि जुने मॅग्नेट तेवढ्यानेही कमजोर होतात, मग मोटर जास्त करंट खाते, तापते आणि इंजिन चार डबे पण ओढत नाही. काढायचंच झालं तर आधी टोकांवर लोखंडाची पट्टी टेकवून ठेवा.

अजून एक, बॉडीवर बारीक केसासारख्या भेगा, फुगीरपणा, कोपरा वाकल्यासारखं काही आहे का? मझॅक म्हणतात या मिश्रधातूला, झिंक आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम. ओतताना त्यात शिसं किंवा कथील मिसळलं गेलं की धातू आतल्या आत कणाकणाने कुजतो, फुगतो, शेवटी बिस्किटासारखा तुटतो. त्याला औषध नाही. युद्धाआधीच्या मालात हे जास्त, तुमचं ५३ नंतरचं आहे तर बहुतेक सुटलात. तरी माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात तापतो आणि हिवाळ्यात ओल धरतो.

---

बारा_मिमी

सगळे त्या हिरव्याच्या मागे, काळ्या बिचाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून मी आलो.

रुळांच्या मधे पडतं ते ट्राय-अँग टीटी, म्हणजे लाइन्स ब्रदर्सच्या ट्राय-अँग ब्रँडची लहान मापाची रेंज. चाकांमधलं अंतर १२ मिमी, मोजून बघा. केंटमधल्या मार्गेटला त्यांच्याच रोव्हेक्स कंपनीचा कारखाना होता, तिथे १९५७ साली टीटी सुरू झालं, आणि सहा चाकांचं काळं टँक म्हणजे जिंटी, टी ९०, रेंजमधलं पहिलंच इंजिन. खरी जिंटी एलएमएसची (चारांतली लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे), १९२४ ते १९३१ मधे ४२२ बनली, म्हणजे अगदी गल्लोगल्ली. ट्राय-अँग हे नाव पण मस्त आहे, लाइन्स आडनावाचे तीन भाऊ, तीन रेषा म्हणजे त्रिकोण. याच लाइन्स ब्रदर्सनी पुढे १९६४ ला डब्लोची मेकॅनो घेतली, म्हणजे तुमच्या खोक्यात गिळणारा आणि गिळलेला शेजारी शेजारी झोपलेत.

टीटीचं स्केल एका फुटाला ३ मिमी, म्हणजे १:१०१.६. आता गणित करा. १२ गुणिले १०१.६ म्हणजे १२१९ मिमी, पुरते चार फूट. खरा ब्रिटिश रूळ चार फूट साडेआठ इंच, १४३५ मिमी. म्हणजे जिंटी पुढून बघितली की खांदे रुंद आणि पाय आखूड जवळ घेतलेले, मला तर त्यामुळेच आवडते. डब्लोवाल्यांनी नाक वर करायचं कारण नाही, त्यांचं स्केल १:७६.२, १६.५ गुणिले ७६.२ केलं तरी १२५७ च येतं. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्यांपेक्षा मुळातच बारीक, त्या काळच्या मोटरी आत मावेनात, म्हणून बॉडी मोठी केली आणि रूळ तेच ठेवले. सगळ्या भानगडीचं मूळ तिथे.

आता लगेच विचाराल की हॉर्नबीने २०२२ मधे टीटी परत आणलंय त्या रुळावर चालेल का. अंतर तेच १२ मिमी, पण नवं स्केल १:१२०, आणि १२ गुणिले १२० केलं की १४४०, म्हणजे आता कुठे मेळ बसला. जुन्या जिंटीच्या चाकांच्या कडा मात्र खोल आहेत, सरळ रुळावर एक वेळ खडखडत जाईल पण सांध्यावर उड्या मारेल. जुना टीटी ट्रॅक घ्या, दोन प्रकारचा येतो, एकाला खालून राखाडी खडीचा साचा आहे तो टाइप ए, स्लीपर मोकळे दिसतात तो टाइप बी. मी ए घेईन, मुलांच्या खोलीत लोळलेला दिसतो तो. हे दोन रुळांचंच आहे, तिसरी पट्टी वगैरे भानगड नाही. जास्त खोलात जायचं तर ब्रिटनमधे १९६५ पासून थ्री एमएम सोसायटी आहे, डब्लोवाल्यांची हॉर्नबी रेल्वे कलेक्टर्स असोसिएशन १९६९ ची. आणि कधी ब्रायटनला गेलात तर स्टेशनच्या खालीच टॉय अँड मॉडेल म्युझियम आहे, अर्धा दिवस हाताशी ठेवा.

तिसऱ्याचं नाक कसंय? पुढे चपटं की लांब? आणि खाली काही लिहिलंय?

---

लेस्टरवाला

नाक दोन्हीकडून थोडंसं पुढे आलेलं, खाली 'लोन स्टार' आणि 'मेड इन इंग्लंड' असं काहीतरी.

जिंटी मोजली, १२ मिमी 🙂

---

बारा_मिमी

अरे वा! ट्रेबल-ओ-लेक्ट्रिक. लोन स्टारने आधी नुसती हाताने ढकलायची झिंकची गाडी काढली, मग १९६० च्या सुमारास त्यात मोटर घातली, रूळ ९ मिमी. ९ मिमी रुळाला आज एन गेज म्हणतात, ते नाव ब्रिटनमधे कोणाच्या तोंडी यायच्या आधीची गोष्ट. पुढे नाक आलेलं म्हणजे बेबी डेल्टिक, खरी फक्त दहा होती, डी५९०० ते डी५९०९, दहाच्या दहा भंगारात गेली.

आणि ते काळं चिकट म्हणजे मोटर जळालेली नाहीये, घाबरू नका. मोटरपासून चाकांपर्यंत गिअर नाहीत, रबर बँड आहेत! हो, रबर बँड. साठ वर्षांत त्यांचा गूळ झालाय. तो लाकडी काडीने हळूहळू काढा, राहिलेलं अल्कोहोलने. मग नवीन रबर रिंग घाला. बाकी काही बिघडत नाही याच्यात, बिघडायला आत आहेच काय.

---

लेस्टरवाला

तीन आठवड्यांनी येतोय. टॉय फेअरमधून तीन रुळांचा एक गोल आणला, बारा पौंड, वर गंज होता तो पुसला. हिरवं-काळं चाललं!! पहिले पाच मिनिटं नुसतं गुरगुरत होतं आणि जळक्या तेलाचा वास, मग एकदम सुटलं. आवाज शिवणाच्या मशीनसारखा. शेजारचा मुलगा आता रोज येतो, त्याच्या स्वतःच्या सेटकडे बघत पण नाही.

चिठ्ठी लिहून आत चिकटवली, काका. रंग तसाच ठेवला, ताई. दोघांनीही रागवू नये.

डेल्टिकचा गूळ काढला, दोन संध्याकाळी गेल्या. रबर रिंग कुठल्या मापाची घेऊ? जुनीचा एक तुकडा राहिलाय, तो ताणून मोजला तर चालेल ना?

---

बारा_मिमी

ताणून नाही. कुजलेलं रबर ताणलं की वाटेल ते माप देतं. मोटरच्या शाफ्टवरून अ‍ॅक्सलवरच्या खाचेभोवती शिवणाचा दोरा गुंडाळा, जिथे टोकं भेटतात तिथे पेनाने खूण करा, सरळ करून मोजा, आणि त्याच्यापेक्षा थोडी लहान रिंग घ्या. घट्ट घेतलीत तर मोटर अडखळेल, सैल घेतलीत तर नुसती फिरेल आणि इंजिन जागेवर. दोन-तीन मापं मागवून ठेवा, पैशाला पासरी मिळतात.